अ‍ॅप्टनं जुनंच नोड का दिलं?

या वेळच्या टपालात लिनक्सवाल्यांचा, म्हणजे उबंटू, डेबियन अशा मोफत सिस्टिम वापरणाऱ्यांचा, जोर आहे. तक्रार थोड्याफार फरकानं एकच: सिस्टिम नीट टाकली, अपडेट केली, तरी पॅकेजमधून आलेलं प्रोग्रॅमिंगचं साहित्य जुनंपुराणं. ज्या पत्रांत नुसती चिडचिड होती ती बाजूला ठेवलीत आणि ज्यांत एररचा मजकूर होता ती घेतलीत. पुढच्या वेळी लिहिताना एवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न: ताई, मी कराडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेकंडहँड लॅपटॉपवर उबंटू २२.०४ टाकलंय. अ‍ॅप्ट या पॅकेज उतरवणाऱ्या कमांडनं नोडजेएस, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, घेतलं तर आलं १२.२२.९. मित्राचा प्रोजेक्ट चालवायला गेले तर ‘सिंटॅक्स एरर, अनएक्स्पेक्टेड टोकन’ आणि पुढे नुसतं एक टिंब. तोच कोड त्याच्या मशीनवर व्यवस्थित पळतो. अपडेट-अपग्रेड करून कंटाळले, व्हर्जन जागचं हलत नाही. मी काही चुकीचं डाउनलोड केलंय का?

उत्तर: नाही गं, तू बरोबर तेच घेतलंस जे उबंटूच्या कोठारात आहे. आणि मित्राच्या कोडमध्येही खोट नाही. त्यात, किंवा त्यानं वापरलेल्या एखाद्या लायब्ररीत, प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून टिंब अशी खूण असणार. ‘वस्तू असेल तर तिच्या आत बघ, नसेल तर गपचूप पुढे जा’ असं सांगायची ही सोय जावास्क्रिप्टच्या २०२० च्या मानकात आली आणि नोडला ती १४ पासून कळते. तुझं १२ त्या टिंबाशी येऊन अडखळतं.

आता हे १२ आलं कुठून? तारखा बघ. उबंटू २२.०४ बाहेर पडलं २१ एप्रिल २०२२ ला. नोडच्या मंडळींनी १२ ची देखभाल कायमची थांबवली ३० एप्रिल २०२२ ला. म्हणजे उबंटूचं बारसं व्हायच्या आत त्याच्या पोटातलं नोड निवर्तलेलं होतं.

योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण हिशेबच तसा आहे. नोडचं सम क्रमांकाचं व्हर्जन जन्मापासून साधारण तीन वर्षं सांभाळलं जातं आणि उबंटूचं एलटीएस (दीर्घकाळ सांभाळलं जाणारं व्हर्जन) पाच वर्षं. तीन वर्षं जगणारी वस्तू पाच वर्षांच्या पेटीत ठेवली, तीही आधीच थोडी वापरलेली, तर पेटीच्या आधी ती जाणारच. म्हणून ‘मग २४.०४ टाकू का?’ असं विचारणार असशील तर थांब. त्यात १८.१९.१ आहे आणि १८ ची देखभाल ३० एप्रिल २०२५ ला संपली. उबंटू २४.०४ मात्र २०२९ पर्यंत चालणार आहे.

मग हे लोक मधेच नवं नोड का घालत नाहीत? कारण रिलीज झाली की व्हर्जन गोठवायची, हाच एलटीएसचा करार असतो. उबंटूचं बरंचसं साहित्य डेबियनकडून येतं आणि डेबियनमध्ये जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्या एकेक सुटं पॅकेज करून ठेवलेल्या असतात. तू अ‍ॅप्टनं एनपीएम हे नोडच्या लायब्रऱ्या उतरवणारं साधनही घेतलं असशील तर हे डोळ्यांनी पाहिलंच असशील: ‘नोड’ आणि आडवी रेघ यांनी सुरू होणाऱ्या नावांनी अख्खा स्क्रीन भरून वाहतो. ती सगळी मंडळी त्या एकाच नोडबरोबर तपासून घेतलेली असतात. नोड हलवलं की सगळी पुन्हा तपासा, आणि तपासणारे बहुतेक स्वयंसेवक. डेबियन १२ मध्ये एकूण ६४,४१९ पॅकेजेस होती, म्हणजे व्याप केवढा ते बघ.

एक गोष्ट मात्र उबंटूनं जरा मोठ्या अक्षरांत सांगायला हवी असं माझं मत आहे. टर्मिनलमध्ये ‘अ‍ॅप्ट पॉलिसी नोडजेएस’ चालव. उत्तरात ‘जॅमी’ (हे २२.०४ चं टोपणनाव) आणि तिरकी रेघ देऊन पुढे ‘युनिव्हर्स’ दिसेल. उबंटूच्या कोठाराचे कप्पे आहेत. ‘मेन’ कप्प्यातल्या मालाची जबाबदारी कॅनॉनिकल कंपनी घेते. जीसीसी (सी आणि सी++ चा कंपायलर) आणि पायथन तिथे आहेत. ‘युनिव्हर्स’ हा समाजाच्या भरवशावरचा कप्पा. तिथल्या पॅकेजेसना सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमानं हव्या असतील तर उबंटू प्रो चालू करावं लागतं. घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत ते फुकट आहे, पण ते माहीत असणारे विद्यार्थी मला फारसे भेटलेले नाहीत. जुनं असणं मला चालतं, बेवारस असणं चालत नाही. आणि प्रोशिवाय तुझं १२ जवळजवळ बेवारस आहे.

उपाय सोपा आहे. अ‍ॅप्टचं नोड काढून टाक आणि एनव्हीएम, म्हणजे नोडची वेगवेगळी व्हर्जनं सांभाळणारं साधन, घे. ते तुझ्या होम फोल्डरमध्ये ‘डॉट एनव्हीएम’ नावाच्या जागी बसतं, सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) लागत नाही, सिस्टिमला धक्का लागत नाही. चालू असलेलं सम क्रमांकाचं एलटीएस उतरव. मित्राच्या प्रोजेक्टच्या पॅकेज-जेसन फाइलमध्ये ‘इंजिन्स’ असा रकाना असेल तर कोणतं नोड हवं ते त्यातच लिहिलेलं असतं, विचारत बसायला नको. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘डॉट एनव्हीएमआरसी’ फाइल करून तोच आकडा टाकून ठेव, म्हणजे एका प्रोजेक्टला १८ आणि दुसऱ्याला २२ असं सुखानं नांदवता येतं. किंमत एवढीच की हे नोड आता तुझं. अ‍ॅप्ट त्याला हात लावणार नाही, नवं आलं की तूच उतरवायचं.

प्रश्न: मॅडम, मी डोंबिवलीचा, एका लॉजिस्टिक्स कंपनीत डेटाचं काम करतो. उबंटू २२.०४ मध्ये पायथन ३.१० आहे, मला ३.१२ हवं होतं. डेडस्नेक्सच्या पीपीएवरून, म्हणजे उबंटूबाहेरच्या कोठारातून, घेतलं आणि एका व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे अपडेट-अल्टरनेटिव्ह्जनं ‘पायथन३’ म्हणजे ३.१२ असं करून टाकलं. त्या दिवसापासून टर्मिनलचं चिन्ह दाबलं की गोल फिरतं आणि विझतं. अ‍ॅप्ट चालवलं की शेवटी ‘नो मॉड्यूल नेम्ड अ‍ॅप्ट_पीकेजी’. फॉरमॅट मारावा लागेल का?

उत्तर: फॉरमॅट अजिबात मारू नका. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, काळा स्क्रीन येईल, तिथे लॉगिन करा. अपडेट-अल्टरनेटिव्ह्जला ‘रिमूव्ह-ऑल’ हा पर्याय देऊन पायथन३ बद्दलची सगळी नोंद पुसायला लावा. मग ‘एलएन’ कमांडनं युझर-बिन फोल्डरमधला पायथन३ हा दुवा पुन्हा पायथन३.१० कडे वळवा, सुडो लागेल. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ किंवा एफ१ नं परत या. टर्मिनल उघडेल. ३.१२ मशीनवर राहू द्या, त्याचा काही गुन्हा नाही.

असं का झालं ते एकदा पाहून घ्या, म्हणजे पुढच्या व्हिडिओला बळी पडणार नाही. उबंटूत टर्मिनलच्या चिन्हामागे थेट टर्मिनल नसतं, आधी एक छोटी पायथनची स्क्रिप्ट चालते आणि तिच्या पहिल्या ओळीत युझर-बिनमधल्या पायथन३ चा पत्ता असतो. ती स्क्रिप्ट ज्या मॉड्यूलांवर उभी आहे ती ३.१० साठी कंपाइल केलेली आहेत. अ‍ॅप्ट_पीकेजीची खरी फाइल शोधून तिचं नाव वाचा: त्यात ‘सीपायथन-३१०’ असं चक्क छापलेलं असतं. ३.१२ येऊन तिथे ‘३१२’ लिहिलेली फाइल शोधतं, ती सापडत नाही, आणि ‘असं मॉड्यूलच नाही’ म्हणून मोकळं होतं. फाइल जागेवर आहे, वाचणारा बदललाय.

म्हणजे तो ३.१० तुमच्यासाठी ठेवलेलाच नव्हता. उबंटूनं तो स्वतःच्या घरकामासाठी ठेवलाय. तुम्ही वापरलात तर हरकत नाही, पण मालक तुम्ही नाही. पायथनपुरतंच नव्हे, सिस्टिमबरोबर आलेल्या बहुतेक भाषांच्या साहित्याला हे लागू आहे आणि या महिन्याच्या निम्म्या पत्रांचं उत्तर यातच आहे.

सेंटओएस ७ हे रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवरून बनलेलं लिनक्स सांभाळलेल्यांना हे दुखणं जुनं. तिथलं यम हे पॅकेज उतरवणारं साधनच पायथन २ मध्ये लिहिलेलं होतं, सिस्टिमचं पायथन २.७.५. कुणी हौशीनं ‘पायथन’ म्हणजे ३ केलं की यम बसलं. आणि यमच बसलं म्हटल्यावर दुरुस्तीचं पॅकेज कशानं उतरवणार? पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली, सेंटओएस ७ मात्र ३० जून २०२४ पर्यंत ते उराशी धरून होतं. रेड हॅटनं पुढे आपल्या २०१९ च्या आरएचईएल ८ या लिनक्समध्ये यावर चांगला तोडगा काढला: सिस्टिमच्या घरकामाचं पायथन ‘प्लॅटफॉर्म-पायथन’ नावानं एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि वापरणाऱ्यांसाठी वेगळं. मला हे डेबियनच्या पद्धतीपेक्षा जास्त पटतं.

डेबियनवाल्यांनी दुसरा मार्ग धरला. डेबियन १२ मध्ये किंवा उबंटू २४.०४ मध्ये पिपनं (पायथनच्या लायब्रऱ्या उतरवणाऱ्या साधनानं) सिस्टिमच्या पायथनमध्ये काही घालायला गेलात तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून ते सरळ नकार देतं. तरीही घालायचंच असेल तर जो पर्याय द्यावा लागतो त्याचं नावच ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ आहे. एवढं स्पष्ट नाव ठेवूनही लोक तो कुठूनतरी कॉपी करून चिकटवतात, त्यांना मी काय सांगणार! तुम्ही प्रत्येक कामाला वेगळं व्हेनव्ह, म्हणजे पायथनची स्वतंत्र खोली, करा. ‘पायथन३.१२-व्हेनव्ह’ हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं, मग पूर्ण नावानं, म्हणजे ‘पायथन३.१२’ असं लिहून, व्हेनव्ह तयार करा. एकदा ते चालू केलं की आत ‘पायथन’ म्हणजे ३.१२ च, आणि बाहेर उबंटूचा संसार जसाच्या तसा.

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा संगणक विभाग मी एकटा बघतो. सर्व्हर डेबियन १२ वर आहे. ऑडिटमध्ये शेरा आला: ‘पायथन ३.११.२ कालबाह्य, ज्ञात त्रुटी असलेले. तातडीने अद्ययावत करावे.’ अ‍ॅप्ट म्हणतं सगळं अद्ययावत आहे. संचालक मला विचारतात, खरं कोण बोलतंय?

उत्तर: दोघंही, पण ऑडिटरच्या स्कॅनरनं अर्धंच वाचलंय. ३.११.२ हे फेब्रुवारी २०२३ चं आहे हे खरं. पण डेबियन नवं व्हर्जन आणत नाही, नव्या व्हर्जनमधली सुरक्षेची दुरुस्ती तेवढी उचलून जुन्यावर बसवतं. म्हणून पुढचा आकडा तोच राहतो आणि शेपटी वाढत जाते. ‘डीपीकेजी -एल’ देऊन पायथन३.११ ची ओळ पाहा: ३.११.२-६ आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह, ‘डेब१२यू’ आणि एक आकडा. ती शेपटी म्हणजेच तुमचा पुरावा. स्कॅनर बहुतेक वेळा शेपटीच्या आधीच थांबतो.

संचालकांना तोंडी समजावत बसू नका, कागद द्या. ऑडिटरच्या यादीतले सीव्हीई क्रमांक (ज्ञात त्रुटींना दिलेले नंबर) एकेक करून डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर टाका. कोणता ‘बुकवर्म’मध्ये (हे डेबियन १२ चं टोपणनाव) कोणत्या शेपटीला दुरुस्त झाला ते तिथे लिहिलेलं असतं. ‘अ‍ॅप्ट चेंजलॉग’नंही तीच हकीकत मिळते. काही क्रमांक उघडेच दिसतील, त्यांना डेबियननं किरकोळ ठरवून पुढे ढकललेलं असतं. ते लपवू नका. आपल्या सर्व्हरवर ते लागू होतात का, याची एक ओळ शेजारी लिहा. चांगला ऑडिटर एवढ्यावर समाधान मानतो.

शेरा वाचून घाईघाईनं सोर्सवरून नवं पायथन बांधून युझर-लोकलमध्ये टाकू नका. आज ते ताजं दिसेल आणि स्कॅनर खूश होईल, पण त्याला यापुढे दुरुस्ती कुणी पाठवणार नाही. आज अ‍ॅप्ट तुमच्यासाठी जे करतंय ते मग सुटीच्या दिवशीही तुम्हालाच करावं लागेल, आणि तुम्ही तर एकटे आहात.

तरी दोन गोष्टी ऑडिटरच्या बाजूनं तपासा. एक, सोर्सेसच्या यादीत ‘बुकवर्म-सिक्युरिटी’ची ओळ खरंच आहे का; नसेल तर अ‍ॅप्टचं ‘सगळं अद्ययावत’ फसवं आहे. दोन, पिपनं घातलेल्या लायब्रऱ्या. त्यांना डेबियन हातही लावत नाही, त्यामुळे जुनाट आणि भोकं पडलेलं काही असलंच तर ते तिथे सापडायची शक्यता जास्त. आणि मुदती लिहून ठेवा: डेबियन १२ ची नेहमीची सुरक्षा जून २०२६ पर्यंत, त्यापुढे एलटीएस ३० जून २०२८ पर्यंत. तोवर १३ वर जायचं नियोजन संचालकांच्या गळी उतरवा.

नवं म्हणजे सुरक्षित असं समजणाऱ्या संचालकांना एक्सझेडची गोष्ट जरूर सांगा. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोग्रॅमरला आपल्या डेबियनच्या अस्थिर शाखेवरच्या मशीनवर एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून करायचं) लॉगिन साधारण अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं. त्यानं मागोवा घेतला तर एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी मुद्दाम चोरवाट पेरलेली निघाली. ज्यांच्याकडे सगळ्यांत ताजं होतं तेच अडकले. डेबियन १२ मध्ये होतं ५.४.१. तुमच्या सर्व्हरला त्याची झळ लागली नाही, ती याच जुनेपणामुळे.

प्रश्न: म्युनिकहून लिहितोय, मूळचा पुण्याचा. घरच्या सर्व्हरवर डेबियन १२ आहे, त्यातलं रस्ट या भाषेचं व्हर्जन १.६३. गिटवरून घेतलेला कोणताही नवा प्रोजेक्ट बांधायला गेलो की कार्गो हे रस्टचं बांधणीचं साधन कधी लॉक फाइलवर अडतं, कधी २०२४ ची एडिशन कळत नाही म्हणतं. डेबियन १३ वर गेलं की सुटेल ना?

उत्तर: थोडे दिवस सुटेल. २०२४ ची एडिशन रस्ट १.८५ मध्ये आली आणि ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये नेमकं १.८५ च आहे, म्हणजे काठावर पास. पण रस्टचं नवं व्हर्जन दर सहा आठवड्यांनी येतं आणि डेबियन साधारण दोन वर्षांनी. हा पाठलाग तुम्ही जिंकणार नाही. रस्टअप हे रस्टची नवी व्हर्जनं उतरवणारं साधन घ्या, डेबियन १३ मध्ये तर ते पॅकेज म्हणूनच मिळतं.

डेबियनला स्वतःलाही हा जाच होतो. फायरफॉक्सच्या नव्या ईएसआरला (जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या व्हर्जनला) नवं रस्ट लागतं आणि ब्राउझर जुना ठेवून चालत नाही. म्हणून डेबियन १२ मध्ये मूळच्या रस्टला हात न लावता ‘रस्टसी-वेब’ नावाचं नवं रस्ट त्याच्या शेजारी आणून बसवलं. त्यांनी जे केलं तेच तुम्ही करा.

प्रश्न: माझी मुलगी लातूरला डिप्लोमाला आहे. लॅबमध्ये निळ्या स्क्रीनचं टर्बो सी++ वापरतात. घरी उबंटू आहे, त्यातलं जीसीसी जुनं आहे असं शेजारचा मुलगा म्हणतो. पैसे भरून काही घ्यावं का?

उत्तर: एक रुपयाही भरू नका. टर्बो सी++ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, सी++ चं पहिलं प्रमाण आलं १९९८ ला. म्हणजे लॅबमधला कंपायलर भाषेच्या व्याकरणाआधीचा. चौसष्ट बिटच्या विंडोजवर तो सरळ चालतही नाही, डॉसबॉक्सच्या आत चालवतात. मुलीला एक प्रयोग करायला सांगा: ‘इंट’मध्ये ३२७६७ ठेवायचं, पुढच्या ओळीत त्यात १ मिळवायचा आणि छापायचं. लॅबमध्ये उत्तर येईल उणे ३२७६८, घरी ३२७६८. टर्बोचा इंट सोळा बिटचा आहे, म्हणून. शेजारच्या मुलाला ‘जुनं’ वाटणारं उबंटू २२.०४ चं जीसीसी ११ न सांगता सी++१७ समजतं. डिप्लोमाच काय, पुढची पदवीही त्यावर निघेल. ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे पॅकेज उतरवा, बास. इथे एनव्हीएमसारखी खटपट करायची काही गरज नाही. प्रॅक्टिकलला मात्र लॅबमध्ये मागतील तसंच ‘व्हॉइड मेन’ लिहू दे, मार्कांशी भांडण नको.

प्रश्न: मॅकबुक नवंकोरं, तरी बॅश (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारं शेल) ३.२? माझ्या स्क्रिप्टमधलं ‘डिक्लेअर -ए’ चालत नाही. – वसई

उत्तर: मोठ्या लिपीतला ए ना? नावानं शोधायच्या याद्या बॅशमध्ये ४.० पासून, म्हणजे २००९ पासून आल्या. बॅश ४ चा परवाना जीपीएल ३ झाला, तो अ‍ॅपलनं घेतला नाही आणि ३.२ वरच थांबले. २०१९ च्या कॅटॅलिनापासून तर नव्या खात्यांना झेडशेल हे दुसरं शेल देऊन टाकलं. होमब्र्यू या मॅकवर पॅकेजेस उतरवणाऱ्या साधनानं नवं बॅश घ्या आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘बिन-बॅश’चा ठरीव पत्ता असेल तो काढून ‘युझर-बिन-एन्व्ह’ आणि पुढे ‘बॅश’ असं लिहा, नाहीतर नवं घेऊनही जुनंच चालत राहील.